शेल्टरमध्ये बाहेरचं माणूस असायलाच हवं

ऑगस्ट संपत आला की अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळींत कॅटरिना वादळाचा विषय निघतोच, आणि २०२५ ला त्याला वीस वर्षं झाली तेव्हा गणपतीही नेमके त्याच आठवड्यात आले, म्हणजे मोदक खाता खाता वाद घालायला सगळ्यांना निवांत वेळ. वादात दोन पार्ट्या असतात. एक माझ्या वयाची आणि थोडी वरची, तिचं म्हणणं की बघा, त्याच वर्षी २६ जुलैला मुंबई बुडाली पण कोणी कोणाला लुटलं नाही, लोकांनी रस्त्यावर उभं राहून बिस्किटं वाटली, आणि महिनाभराने न्यू ऑर्लिन्स बुडालं तर काय झालं, शेवटी संस्कार लागतात हो. दुसरी पार्टी इथे जन्मलेल्या किंवा नुकत्याच शिकायला आलेल्या मुलांची. ती म्हणतात की स्वयंसेवा वगैरे सगळा देखावा आहे, विद्यापीठांनी पोरांना फुकट राबवलं, सरकारचं पाप झाकलं गेलं आणि पोरांना रेझ्युमेवर एक ओळ मिळाली. मी तेव्हा बॅटन रूजला एलएसयूत, म्हणजे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत शिकत होते आणि तिथल्या वादळग्रस्तांच्या शेल्टरमध्ये काम केलंय, त्यामुळे दोन्हीकडचं ऐकताना माझी चिडचिड होते. दोघांनाही शेल्टरमध्ये नक्की काय होतं ते माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायची घाईही नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. विद्यार्थी स्वयंसेवक शेल्टरमध्ये जे उचलतात, ढकलतात, वाटतात ते महत्त्वाचं आहेच, पण ते काम पैसे देऊन दुसऱ्या कोणाकडूनही करून घेता येईल. जे पैसे देऊन होत नाही ते असं की गावातला एक साधा माणूस रोज आत जातो, आतल्या लोकांशी बोलतो आणि रात्री आपल्या घरी, वर्गात, किराणा दुकानाच्या रांगेत सांगतो की आत कोण आहेत. हे झालं नाही तर गाव आणि शेल्टर यांच्यामध्ये भीती उभी राहते, आणि ती भीती माणसं मारते, हे मी अलंकारिक बोलत नाहीये, २००५ च्या सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात माणसं शब्दशः मेली. म्हणून विद्यापीठाच्या शेल्टरमध्ये विद्यार्थ्यांना घ्यावं का याचं माझं उत्तर हो असं आहे, थोडा गोंधळ झाला तरी हो.

ज्यांना तपशील आठवत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. २९ ऑगस्ट २००५, सोमवार, सकाळी कॅटरिना लुइझियानाच्या किनाऱ्यावर आलं. वाऱ्याने जे मोडलं ते मोडलं, पण शहर बुडालं ते कालव्यांच्या भिंती फुटल्यामुळे, सेव्हन्टीन्थ स्ट्रीट कालवा, लंडन अॅव्हेन्यू कालवा, इंडस्ट्रियल कालवा. या भिंती लष्कराच्या इंजिनियर कोअरने बांधलेल्या, आणि त्यांच्या डिझाइनमध्ये चूक होती हे कोअरनेच पुढच्या वर्षी मान्य केलं. शहराचा ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. मागे राहिले कोण? ज्यांच्याकडे गाडी नव्हती ते, आणि असे लोक लाखाच्या वर होते. महिनाअखेर होती, पगार आणि पेन्शनचे चेक पहिल्या तारखेला येणार होते, मोटेलला द्यायला खिशात पैसे नव्हते. म्हातारे होते, आजारी होते. लुइझियानात जे गेले त्यातले जवळजवळ निम्मे पंचाहत्तरीच्या पुढचे होते. हा आकडा मी मुद्दाम सांगतेय कारण टीव्हीवर त्या आठवड्यात जे चेहरे दाखवत होते ते पंचाहत्तरीच्या पुढचे नव्हते.

बॅटन रूज न्यू ऑर्लिन्सपासून साधारण ऐंशी मैल. एलएसयूत पीट मॅराविच असेंब्ली सेंटर नावाचं बास्केटबॉलचं स्टेडियम आहे, सगळे पीमॅक म्हणतात, त्याचं काही दिवसांत ८०० खाटांचं हॉस्पिटल झालं. अमेरिकेच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं फील्ड हॉस्पिटल असं त्याचं वर्णन नंतर झालं. शेजारच्या फील्ड हाउसमध्ये ज्यांना कायम औषधपाण्याची गरज असते अशा लोकांचं शेल्टर, धावण्याच्या ट्रॅकवर हेलिकॉप्टर उतरतायत, आणि पार्कर कोलिझियममध्ये व्हेटर्नरीची मुलं सोडवून आणलेली कुत्री-मांजरं सांभाळतायत. (कुत्र्याला सोडून येणार नाही म्हणून कितीतरी लोक पाण्यात बसून राहिले होते. त्यावर आपल्याकडच्या लोकांनी तेव्हा खूप विनोद केले. पुढच्या वर्षी अमेरिकेत कायदा झाला की आपत्तीच्या नियोजनात पाळीव प्राण्यांचा विचार करावाच लागेल.) फुटबॉलचा सीझन सुरू होणार होता, पहिली होम मॅच पुढे ढकलली, दुसरी अॅरिझोनाला हलवली, आणि एलएसयूने मॅच हलवणं म्हणजे काय हे लुइझियानात राहिलेल्यालाच कळेल.

आम्ही काय करत होतो? शर्टावर चिकटपट्टी लावून मार्करने नाव लिहायचं. डॉक्टरांच्या पट्टीवर नाव आणि विषय, आमच्या पट्टीवर नुसतं नाव. व्हीलचेअर ढकलायची, डायपर शोधायचे, बर्फ आणायचा. न्यू ऑर्लिन्सचे ५०४ या एरिया कोडवाले फोन लागत नव्हते, त्यामुळे कॉम्प्युटरवर बसून लोकांच्या मुलाबाळांची नावं वेगवेगळ्या याद्यांमध्ये शोधायची, आणि त्या याद्या एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. एक आजोबा होते, त्यांना रोजची गोळी हवी होती आणि ती कुठली हे विचारलं की म्हणायचे छोटी पांढरी. त्यांच्या डॉक्टरचा दवाखाना, फाइल, दुकानातली चिठ्ठी सगळं पाण्याखाली, आता छोटी पांढरी म्हणजे ब्लडप्रेशरची, साखरेची का हृदयाची हे फार्मसीच्या माणसाने तासभर गप्पा मारून काढायचं. मला त्यांच्याजवळ बसायला सांगितलेलं, बाकी काही नाही, बसून राहायचं आणि ते उठून चालायला लागले तर हाक मारायची. आम्हा एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्यांना कॅम्पसबाहेर पगारी काम करता येत नाही पण फुकट कितीही करता येतं, या कायद्यावर आम्ही देशी लोक खूप हसायचो.

आता पहिल्या पार्टीचं बघू, संस्कारवाल्यांचं. तेव्हा एक मेल भारतभर फिरत होता ज्यात मुंबई आणि न्यू ऑर्लिन्समधल्या पावसाचे इंच शेजारी शेजारी मांडले होते आणि खाली आपली पाठ आपणच थोपटलेली होती. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला हे खरं, बेस्टच्या बसमध्ये रात्र काढलेल्यांना अनोळखी लोकांनी घरात घेतलं हेही खरं, माझ्या स्वतःच्या मावशीला कलिन्यात एका कुटुंबाने घेतलं होतं. पण न्यू ऑर्लिन्स पावसाने बुडालंच नव्हतं, मग इंच कशाचे मोजताय? मुंबईचं पाणी बहुतेक ठिकाणी दोन-तीन दिवसांत उतरलं, तिथे पंप लावून शहर कोरडं करायला ऑक्टोबर उजाडला. मुंबईकर भिजला पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपल्याच घरी गेला, इथे माणसाला बसमध्ये घालून कुठल्या राज्यात नेतायत हे बस सुटल्यावर कळत होतं. आणि मुंबईत सगळं शांत होतं हे तरी खरं आहे का? २८ जुलैला जुहूच्या नेहरू नगर झोपडपट्टीत धरण फुटलं, त्सुनामी आली अशी अफवा उठली आणि चेंगराचेंगरीत पंधरावर माणसं मेली, त्यात लहान मुलं होती. हे आपण सोयीस्कर विसरतो कारण ते बिस्किटांच्या गोष्टीत बसत नाही. भारत सरकारला मात्र तेव्हा असला काही गर्व झाला नव्हता, हवाईदलाचं आयएल-७६ विमान ताडपत्र्या आणि ब्लँकेटं घेऊन सप्टेंबरमध्ये अर्कान्सासच्या लिटल रॉकला उतरलं होतं.

आणि ज्या लुटालुटीच्या, बलात्कारांच्या, खुनांच्या बातम्यांवर ही तुलना उभी आहे त्यांचं काय झालं? दुकानं फुटली, खोटं कशाला बोला, अन्नासाठी फुटली आणि टीव्हीसाठीही फुटली. पण न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोम स्टेडियममध्ये दोनशे मृतदेह आहेत असं धरून चालले होते, प्रत्यक्षात सहा सापडले. चार नैसर्गिक मृत्यू, एक ड्रगच्या ओव्हरडोसने, एक आत्महत्या. कन्व्हेन्शन सेंटरमध्ये चार, त्यातला एक खुनाचा असावा असं वाटलं. तिथल्या स्थानिक पेपरने महिना संपायच्या आत हे छापलं, पण तोवर महापौर आणि पोलीसप्रमुख दोघंही राष्ट्रीय टीव्हीवर भयानक गोष्टी सांगून मोकळे झाले होते. हेलिकॉप्टरवर गोळीबार झाला या बातमीने सुटकेचं काम थांबलं, ते कधी सिद्ध झालं नाही. १ सप्टेंबरला पुलावरून चालत पलीकडे जाऊ पाहणाऱ्या लोकांना शेजारच्या ग्रेटना गावच्या पोलिसांनी डोक्यावरून गोळ्या झाडून परत पाठवलं. ४ तारखेला डॅन्झिगर पुलावर न्यू ऑर्लिन्सच्या पोलिसांनी निःशस्त्र लोकांवर गोळ्या घातल्या, दोघं मेले, चौघं जखमी. तो खटला इतका लांबला की पोलिसांनी शेवटी गुन्हा कबूल केला तेव्हा २०१६ साल उजाडलं होतं.

बॅटन रूज या सगळ्यापासून दूर नव्हतं. गावाची लोकसंख्या एका आठवड्यात फुगली, रस्ते तुंबले, पेट्रोल संपलं, आणि डाउनटाउनच्या रिव्हर सेंटरमध्ये रेड क्रॉसचं मोठं शेल्टर होतं तिथे दंगल झाली, गाड्या अडवून लुटतायत अशा अफवा उठल्या. बंदुकांच्या दुकानांत गर्दी झाली. पोलिसांनी सांगितलं की असं काही झालेलं नाही, पण पोलिसांचं कोण ऐकतो? माझ्या अपार्टमेंटच्या मॅनेजरने मला बजावून सांगितलं की तिकडे जाऊ नकोस, ते लोक चांगले नाहीत. मी म्हटलं अहो मी तिकडूनच येतेय, तिथे अर्ध्या लोकांना धड उभं राहता येत नाही, दंगल कोण करणार. त्याने एकदम पटलं असं काही दाखवलं नाही, पण पुढच्या दिवशी त्याच्या बायकोने माझ्याबरोबर टॉवेलांच्या दोन पिशव्या दिल्या. हे जे झालं ना, एका माणसाच्या डोक्यातलं चित्र थोडंसं हलणं, हे गव्हर्नरच्या पत्रकार परिषदेने झालं नसतं. गव्हर्नरबाई तर त्याच सुमारास सांगत होत्या की आलेल्या सैनिकांकडे भरलेल्या बंदुका आहेत आणि गरज पडली तर ते गोळ्या घालतील. हजारो विद्यार्थी रोज आत-बाहेर करत होते, आणि त्यातला प्रत्येक जण कुठल्यातरी घरी, रूमवर, चर्चमध्ये जाऊन हेच सांगत होता.

आता समोरच्यांचे जे मुद्दे खरंच वजनदार आहेत ते. पहिला, अडाणी हात कामापेक्षा पसारा जास्त करतात. बरोबर आहे. सुरुवातीला इतके लोक यायचे की त्यांना काय सांगायचं हेच एक काम होऊन बसायचं. कोणी न विचारता रुग्णाला पाणी द्यायचं आणि त्याला किडनीमुळे पाण्याचं माप असायचं. कपड्यांचे ढीग, हिवाळी कोट सप्टेंबरच्या लुइझियानात. एकोणीस वर्षांच्या मुलाने कोणाचा तरी शेवटचा श्वास बघावा का, आणि बघितला तर त्याच्याशी नंतर कोण बोलणार, हा प्रश्न तेव्हा कोणी फारसा विचारलाही नाही. पण मग प्रशिक्षित लोकांचं काय झालं तेही बघा. फेमाने, म्हणजे केंद्र सरकारच्या आपत्ती खात्याने, देशभरातून फायरब्रिगेडवाल्यांना स्वयंसेवक म्हणून बोलावलं, जिवावर उदार होऊन शेकडो आले, आणि त्यांना अटलांटात बसवून लैंगिक छळाच्या नियमांचा क्लास घेतला आणि पत्रकं वाटायच्या कामाला लावलं. बाहेरच्या राज्यातल्या डॉक्टरांना कागदपत्रं नाहीत म्हणून रुग्णावरून हात काढायला लावल्याचे किस्से झाले. प्रशिक्षण कमी पडलं असं तिथे म्हणता येत नाही, कोणाला कुठे उभं करायचं हे ठरवणारं कोणी नव्हतं. विद्यापीठात ते होतं. इमारतीची चावी कोणाकडे, जनरेटर कोण चालवतं, मेसमध्ये रोज किती शिजतं, ऑडिओ सिस्टीम कोणाची, हे आधीपासून ठरलेलं असतं, त्यात अडाणी हात घालता येतात कारण सांगणारा माणूस असतो. म्हणजे अडाणी हातांवरचा आक्षेप मला मान्य आहे, पण त्याचा उपाय हात कापणं हा कसा होईल?

दुसरा मुद्दा जास्त धारदार. स्वयंसेवक आले की सरकार सुटतं. तरुण मंडळी हे फार ठामपणे मांडतात आणि त्यात तथ्य आहे, आपल्याकडे मुंबई स्पिरिट नावाच्या गोष्टीने मिठी नदीचं काय केलं हे आपण बघितलंच आहे, लोक दुसऱ्या दिवशी कामावर गेले म्हणून कौतुक झालं आणि नाले तसेच राहिले. पण कॅटरिनाच्या बाबतीत सरकार सुटलं का? फेमाचा प्रमुख दोन आठवड्यांत राजीनामा देऊन गेला, प्रेसिडेंटची पत त्यानंतर सावरली नाही, काँग्रेसच्या चौकश्या झाल्या. मदत करणारे लोक सरकारवर गप्प असतात हे गृहीतच चुकीचं आहे. मी आयुष्यात सरकारला इतक्या शिव्या ऐकल्या नाहीत जितक्या त्या शेल्टरच्या मागच्या पायऱ्यांवर, आणि देणारे सगळे दिवसभर राबलेले होते. त्यांना यादीत काय नाही हे माहीत होतं, इन्सुलिन किती वाजता संपलं हे माहीत होतं.

उलट बाहेरचं माणूस आत नसलं की सरकार आणि गावातले बडे लोक कसे सुटतात याचं उदाहरण त्याच नदीवर आहे. १९२७ साली मिसिसिपीला महापूर आला. मिसिसिपी राज्यातल्या ग्रीनव्हिल गावात बांधावर हजारो काळ्या लोकांची छावणी होती. गोऱ्या बायका-मुलांना बोटीतून नेलं आणि काळ्यांना मुद्दाम मागे ठेवलं, कारण कापसाच्या मळेवाल्यांना भीती की एकदा गेले तर मजूर परत येणार नाहीत. नॅशनल गार्डचा पहारा, गळ्यात बिल्ले, रेड क्रॉसचं अन्न हवं तर बांधावर काम करायचं. कागदावर ते मदतकार्य होतं आणि कामं स्वयंसेवेने चालली होती! मदतीचे सर्वेसर्वा हर्बर्ट हूवर, आणि त्या कीर्तीवर ते पुढच्याच वर्षी प्रेसिडेंट म्हणून निवडून आले. तिथे राबणारे होते, अधिकारी होते, पहारेकरी होते, फक्त रात्री घरी जाऊन काय बघितलं ते सांगणारं मोकळं माणूस नव्हतं. काळ्यांच्या वर्तमानपत्रांनी आवाज उठवला तेव्हा कुठे हूवरना चौकशीसाठी समिती नेमावी लागली. म्हणून मला जेव्हा कोणी सांगतं की शेल्टरचं काम फक्त पगारी यंत्रणेने करावं, म्हणजे सगळं स्वच्छ होईल, तेव्हा मला हा बांध आठवतो.

आपल्याच इतिहासातलं घ्यायचं तर १८९७ चं पुणं. प्लेग आला, रँडची कमिटी बसली, गोरे सोल्जर घरोघर तपासायला गेले. रोग्याला वेगळं ठेवणं ही कल्पना वैद्यकीयदृष्ट्या मूर्खपणाची नव्हती, पण छावणीत काय चालतं, सोल्जर आत गेले तेव्हा काय झालं, हे शहराला ऐकीव गोष्टींतूनच कळत होतं. अत्याचार झाले याबद्दल तक्रारी होत्याच, पण खरं किती आणि वाढवून सांगितलेलं किती हे वेगळं करायला कोणाकडे काही नव्हतं. गोखल्यांसारखा मोजून मापून बोलणारा माणूस इंग्लंडमध्ये होता, त्यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून जाहीर आरोप केले, परत आल्यावर पुरावा देता येईना आणि माफी मागावी लागली. रँडवर जूनमध्ये गोळ्या झाडल्या गेल्या आणि जुलैच्या सुरुवातीला तो मेला. मला यात लक्षात राहतं ते पुढचं, की तेच गोखले नंतरच्या साथीत स्वतः प्लेगच्या मदतकामात उतरले. आणि त्याच १८९७ च्या मार्चमध्ये सावित्रीबाई गेल्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात रोगी आणता आणता प्लेग होऊन. त्यांच्या दवाखान्यात कोणाला पकडून न्यावं लागत नव्हतं.

तिसरा मुद्दा असा आहे ज्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. स्वयंसेवक घरी जातो, आतला माणूस जात नाही. मी शिफ्ट संपली की आंघोळ करून माझ्या पलंगावर झोपत होते, आणि ज्या बाईला मी जेवण नेऊन देत होते ती तीस वर्षं दुसऱ्यांना जेवण बनवून घालत आलेली, शाळेच्या किचनमध्ये, तिला माझ्याकडून थँक्यू म्हणत ताट घ्यावं लागत होतं. बहुतेक मदत करणारे गोरे किंवा आमच्यासारखे परदेशी, मदत घेणारे बहुतेक काळे. ह्यूस्टनच्या अॅस्ट्रोडोम स्टेडियममधल्या शेल्टरला भेट देऊन माजी प्रेसिडेंटची बायको बार्बरा बुश रेडिओवर म्हणाल्या होत्या की इथले बरेच लोक तसेही गरीबच होते, त्यामुळे त्यांचं हे बरंच चाललंय. सगळा देश भडकला. पण दानाची गोडी लागलेल्या कुठल्याही माणसाच्या मनात हे वाक्य कुठेतरी असतंच, फक्त तो माइकसमोर बोलत नाही. हा दोष मान्य. तो कमी होतो तो एकाच गोष्टीने, आतल्या लोकांना कामात घेतलं की. त्या किचनवाल्या बाईने तिसऱ्या की चौथ्या दिवशी वाढायच्या टेबलामागे जागा घेतली, कोणाला न विचारता, आणि आम्हाला बेबी बेबी म्हणत ओरडायला लागली की भात असा वाढतात का. त्या टेबलाची रांग त्यानंतर लवकर सरकायला लागली. कुठल्याही शेल्टरच्या नियमावलीत हे पहिल्या पानावर असायला पाहिजे, आणि माझ्या बघण्यात तरी ते नव्हतं, आतल्या लोकांना बिल्ला मिळत नव्हता म्हणून वाढायच्या टेबलामागे उभं राहता येणार नाही असं तिला दोनदा सांगितलं गेलं. तिने ऐकलं नाही.

बाकी नियोजनाचं फार अवघड नाहीये. मायामीच्या फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीचं बघा, फ्लोरिडा कीजची बेटं असलेल्या मन्रो काउंटीशी तिची आधीच ठरलेली बोली आहे, मोठं वादळ आलं की तिकडच्या लोकांचं शेल्टर कॅम्पसवर. २०१७ ला इर्मा आलं तेव्हा लोक तिथेच आले. म्हणजे वादळ यायच्या आधी कोणाची जबाबदारी, कोणती इमारत, हे बसून ठरवता येतं. त्यात विद्यार्थ्यांची जागाही आधीच ठरवा, कोणी रुग्णाला हात लावायचा, कोणी नाही, एकट्याने कुठे जायचं नाही, आणि दारावर पोलीस असले तरी रोज नवे लोक आत येऊ शकतील असं ठेवा. सुरक्षेच्या नावाखाली शेल्टरभोवती कुंपण घालायचा मोह प्रत्येक अधिकाऱ्याला होतो, मुलांच्या बाबतीत तो बरोबरही आहे, कॅटरिनात पाच हजारांवर मुलांची आईबापांपासून ताटातूट झाल्याच्या किंवा ती हरवल्याच्या नोंदी होत्या आणि शेवटचं मूल घरी पोचायला पुढच्या वर्षीचा मार्च उजाडला. तेव्हा मुलांच्या कोपऱ्यावर कडक पहारा ठेवा, सगळ्या हॉलवर कशाला?

राहता राहिला मार्कांचा प्रश्न, जो हल्ली महाराष्ट्रात कॉलेजांच्या क्रेडिटमुळे पुन्हा निघालाय. एनएसएस आपल्याकडे १९६९ पासून आहे, दोन वर्षांत २४० तास भरायचे, आणि त्यातून चांगली कामं झालीयत, मी स्वतः कॉलेजात असताना झाडं लावलीयत आणि त्यातली बरीच मेली. झाडांसाठी मार्क द्या, सर्व्हेसाठी द्या. पण पूरग्रस्तांच्या निवारा केंद्रातल्या कामाला मार्क देऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे, आणि कारण नैतिक वगैरे नाही. ज्याचे मार्क प्राचार्यांच्या हातात आहेत तो मुलगा कॉलेजच्या हॉलमधल्या संडासात तीन दिवस पाणी नाही हे बाहेर कोणाला सांगणार आहे? त्याला जाण्यायेण्याचं भाडं द्या, दोन वेळचं जेवण द्या, आठ तासांनी घरी हाकला, आणि त्याने घरी जाऊन काय सांगायचं ते त्याला ठरवू द्या.